पाटणादेवी आणि पितळखोरा एकाच दिवसात होईल का?

जुईली_नाशिक
नमस्कार मंडळी. चाळीसगावजवळची पाटणादेवी म्हणजे चंडिका, ही आमच्या सासरची कुलदेवी. दिवाळीनंतर कुलाचाराला जायचंय. आमच्याकडे दरवेळी ठरलेलं असतं, पहाटे निघायचं, दर्शन, ओटी, मग तिथेच बट्टी-वरण आणि वांग्याची भाजी रांधायची, जेवणं झाली की भांडी आवरून अंधाराच्या आत चाळीसगाव गाठायचं. तीन बाजूंनी एवढा डोंगर, एवढं जंगल, पण आमच्यापैकी कुणी देवळाच्या पलीकडे गेलेलंच नाही. यावेळी मुलगा (आठवीत आहे, गणिताचं वेड) मागे लागलाय की भास्कराचार्यांचा शिलालेख बघायचाच, आणि मला स्वतःला पितळखोऱ्याची लेणी बघायचीत. सोबत सासूबाई आहेत, सत्तरीच्या पुढे, सपाटीवर चालतात पण चढ-उतार झेपत नाही. देवी, शिलालेख आणि लेणी एका दिवसात बसवता येईल का? गाडी घेऊन जाणार आहोत. कुणी केलंय का असं?

चिंचेचं_बुटुक
नाही बसणार. दोन दिवस काढा.

गिरणाकाठ
बुटुकशी सहमत, पण जरा सविस्तर सांगतो. चाळीसगाव ते पाटणादेवी १८ किलोमीटर, तो भाग सोपा आहे. पितळखोरा नकाशात देवळाच्या अगदी डोक्यावर दिसतो म्हणून लोक फसतात. देवी डोंगराच्या पायथ्याला, खानदेशात, आणि लेणी वर पठाराच्या कडेला, कन्नड तालुक्यात. मधे सरळ गाडीरस्ता नाही. गाडीने जायचं तर परत चाळीसगावकडे येऊन कन्नड घाट चढायचा, मग पठारावर आंबाळ्याकडचा रस्ता धरायचा. शिवाय लेण्यांना वरून खाली दरीत उतरावं लागतं, पायऱ्या बांधलेल्या आहेत पण उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. सासूबाईंना तिथे नेऊ नका. त्यांना घेऊन देवी आणि शिलालेख निवांत करा, लेणी दुसऱ्या दिवशी.

आप्पा_खानदेशी
आमना पाटणादेवीना धागा दखीसन जीव गार व्हई ग्या! ताई, बट्टी-वरण करणार असाल तर आम्हाला पण हाका मारा, आम्ही काय लांब नाही.
बरं कामाचं सांगतो. हे सगळं गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. वनखात्याचं गेट लागतं, तिथे नोंद करून पुढे जायचं. गोवऱ्या तिकडून आणायच्या, लाकूड तिथेच तोडू असं मनात पण आणू नका, सरपण घरून नाहीतर चाळीसगावहून घेऊन जा. आणि आजकाल बरेच जण गावातच बट्ट्या भाजून नेतात, वर नुसतं तूप सोडायचं, ते बरं पडतं.

रानवाट
पाटणादेवीहून पितळखोऱ्याला पायी वर जाता येतं हे कुणीच कसं सांगितलं नाही? धवलतीर्थाच्या बाजूने दरीतून चढणारी वाट आहे. आम्ही हिवाळ्यात पायथ्याच्या पाटणे गावातल्या एका दादांना सोबत घेऊन गेलो होतो. वाट दाट झाडीतून जाते, साग, धावडा, अंजन, सालई, आणि काही ठिकाणी नुसते मोठमोठे दगड, ओढ्याच्या पात्रातून चढत राहायचं. वाटाड्याशिवाय जाऊच नये कारण ओढे दोन-तीन ठिकाणी फुटतात आणि सगळे सारखेच दिसतात. मोबाईलला रेंज नाही.

पण एकदा वर पोचलं की काय सांगू. दरीच्या दोन्ही अंगांना लेणी, एकमेकांकडे तोंड करून. सगळ्यात जुनी इसवी सनाच्या आधीच्या दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या ज्या चित्रांचे फोटो आपण नेहमी बघतो त्याच्यापेक्षा कित्येक शतकं आधीची. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर ओळीने हत्ती कोरलेत, प्रत्येक हत्ती जवळजवळ खरा वाटेल एवढा. शेजारच्या दारावर दोन द्वारपाल उभे आहेत, हातात भाला आणि ढाल, अंगातला कपडा, चेहऱ्यावरचं हसू सगळं इतकं नीट की मी तिथून हलेना. तिथल्या जिन्याजवळ एक अनेक फण्यांचा नाग आहे, त्याच्या फण्यांना भोकं पाडलीत, डोंगरातलं पाणी मागच्या नळीतून येऊन फण्यांतून बाहेर पडेल अशी सोय. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की इथे चढून येणाऱ्याचं स्वागत असं व्हावं! मला तर ती कल्पनाच फार आवडली.

जुईलीताई, मुलगा आठवीत आहे म्हणजे पायात जोर असणार. तुम्ही दोघं पायी वर जा, घरचे बाकीचे देवळात थांबतील.

गिरणाकाठ
रानवाट, वर्णन छान पण सल्ला धोक्याचा वाटतो. सवय नसलेल्या माणसाला आठवीतल्या मुलासोबत ती वाट सुचवू नये. चढून उतरायचं म्हणजे अख्खा दिवस गेला, आणि खाली सासूबाई वाट बघत बसणार.

रानवाट
सवय नसेल तर नको, हे मान्य. पण वाटाड्या, सकाळी लवकर निघणं आणि भरपूर पाणी, एवढं असेल तर अशक्य नाही. ट्रेकिंगची सवय आहे का ते त्याच सांगतील.

पोपटराव_पाटील
लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असं आमच्याकडे म्हणतात. कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं.

मोडीवाचक
पाटीलसाहेब, महाराष्ट्रातल्या निम्म्या लेण्यांच्या नावावर तो कोंबडा आहे :)
गोष्ट गोड आहे, मुलांना जरूर सांगावी. पण पितळखोऱ्यात तर देणाऱ्यांनी स्वतःची नावं कोरून ठेवलीत. तिसऱ्या लेण्यातल्या म्हणजे चैत्यगृहातल्या (प्रार्थनेच्या दालनातल्या) खांबांवर पैठणच्या लोकांचे लेख आहेत, त्यात एक गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला मितदेव. विहारात म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचं आणि त्याच्या कुटुंबाचं दान आहे. आणि तिथे सापडलेला तो प्रसिद्ध बुटका यक्ष, डोक्यावर परडी धरलेला, त्याच्या हातावर लिहिलंय की कण्हदास नावाच्या सोनाराने हा घडवला. एवढ्या जुन्या काळातल्या कारागिराचं नाव आपल्यापर्यंत पोचणं फार दुर्मिळ आहे. यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यामुळे तिथे जाऊन शोधू नका.
ही मंडळी पैठणहून इथपर्यंत का येत होती तर खालचा खानदेश आणि वरचं पठार जोडणाऱ्या व्यापारी वाटा याच घाटांतून जात होत्या. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने ज्याला पेट्रिगल म्हटलंय ते हेच असावं असं अभ्यासक मानतात. भिक्षूंना वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) जागा, व्यापाऱ्याला मुक्काम, आणि वैद्य-सोनारांना पुण्य.

पोपटराव_पाटील
हे माहीत नव्हतं. सोनाराचं नाव आवडलं. तरी कोंबडा मी सोडणार नाही.

कुहू
जंगलाबद्दल कुणी बोलेना म्हणून मी बोलते. गौताळा १९८६ मध्ये अभयारण्य झालं, २६० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. बिबटे आहेत, अस्वलं आहेत, नीलगाय, आणि पक्षी तर विचारूच नका. २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये आला होता, मधले सगळे जिल्हे, रस्ते, शेतं ओलांडून! म्हणजे तुम्ही देवीला जाता तेव्हा कुणाच्या तरी घरातून जाता हे लक्षात असू द्या.
तीन गोष्टी कळकळीने सांगते. माकडांना प्रसाद, केळी, बट्टी काहीही देऊ नका, नंतर तीच माकडं लहान पोरांच्या हातातल्या पिशव्या ओढतात आणि लोक माकडांनाच शिव्या देतात. दुसरं, लेण्यांच्या आणि कड्यांच्या आसपास आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा, फटाके काही नको. तिसरं, स्पीकर. मागच्या खेपेला एका टोळक्याने धवलतीर्थाजवळ एवढा मोठा स्पीकर लावला होता की स्वर्गीय नर्तक पक्षी बघायला आलेले आम्ही नुसते कान दाबून परत फिरलो.

आप्पा_खानदेशी
स्पीकरवाल्यांना गेटवरच अडवायला पाहिजे. माकडाचं म्हणाल तर माझ्या हातातली अख्खी नारळाची पिशवी गेली, वर झाडावर बसून त्याने मलाच करवंटी मारली.

श्रीधर_काका
इथे एक वेगळा मुद्दा मांडतो. माझं वय झालं, गुडघे गेले. तरुणपणी लेणी बघायची राहिली. पाटणादेवीहून पितळखोऱ्यापर्यंत नीट रस्ता किंवा रोपवे केला तर आमच्यासारख्यांना पण बघता येईल, गावातल्या पोरांना रोजगार मिळेल. सगळीकडे होतात की. नुसतं जंगल जंगल करून खानदेश मागेच राहिला.

कुहू
काका, तुमची अडचण समजते, खरंच. पण अभयारण्याच्या पोटातून रस्ता म्हणजे ती दरी संपली. आणि तिथला दगडही तसा ठिसूळ आहे, लेण्यांचे दर्शनी भाग कोसळलेत, पुरातत्त्व खात्याने सिमेंटचे आधार देऊन बरंच वाचवलंय. शेजारी सुरुंग आणि यंत्रं आली तर काय राहील?

मोडीवाचक
काका, तुमच्यासाठी एक मधला मार्ग. वरच्या बाजूने, म्हणजे कन्नडकडून, गाडी लेण्यांच्या माथ्यापर्यंत जाते. तिथून खाली नाही उतरलात तरी दरीच्या काठावरून समोरच्या लेण्यांचा अंदाज येतो. रोजगाराचा मुद्दा मात्र मी तुमच्या बाजूने आहे. पाटण्यातल्या, आंबाळ्यातल्या मुलांना रीतसर गाइड म्हणून शिकवलं, ठरलेली फी ठेवली, तर रस्त्यापेक्षा जास्त पैसा गावात राहील.

श्रीधर_काका
माथ्यापर्यंत गाडी जाते हे माहीत नव्हतं. मुलाला सांगतो. रस्त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण गाइडचं बोललात ते पटलं.

अनघा_ज
मूळ धाग्यात शिलालेखाचं विचारलंय, त्याकडे वळूया का? गणितवेड्या मुलासाठी तीच तर मुख्य गोष्ट.
देवीच्या देवळातला हा लेख शके ११२८ चा. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ साली प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादव राजाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी वगैरे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथे मठ काढला आणि इथे राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव या भावांनी त्याला दानं दिली. म्हणजे जंगलाच्या या कोपऱ्यात आठशे वर्षांपूर्वी मुलं बसून गणित आणि ग्रहगणित शिकत होती! मला तर तिथे उभं राहिल्यावर भरून आलं होतं. लेखात भास्कराचार्यांच्या आधीच्या पिढ्याही दिल्यात, त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत, मग भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव.

पोपटराव_पाटील
म्हणजे भास्कराचार्य पाटण्याचेच. आमच्या तालुक्याचे. शिक्कामोर्तब.

सांगलीकर_म
एवढं सोपं नाही हो पाटीलसाहेब. त्यांनी स्वतः आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडवीड असं सांगितलंय. ते नेमकं कुठलं यावर बीडपासून विजापूरपर्यंत दावे आहेत. नातवाने मठ काढला म्हणून आजोबा तिथेच जन्मले असं होत नाही.

अनघा_ज
सांगलीकर, नुसत्या मठावर कुणी दावा करत नाही. लेखात असंही आहे की यादवांच्या जैत्रपाल राजाने लक्ष्मीधराला विद्वान जाणून ‘या नगरातून’ नेलं. म्हणजे निदान भास्कराचार्यांच्या मुलाच्या वेळी घर पाटण्यात होतं. आणि सह्याद्रीचा आश्रय म्हणाल तर पाटण्यात उभं राहून बघा, तिन्ही बाजूंना डोंगरच आहे.

सांगलीकर_म
मुलगा इथे राहत होता हे मान्य. जन्मगाव अजून सिद्ध नाही एवढंच माझं म्हणणं.

पोपटराव_पाटील
मुलगा आमचा, नातू आमचा, मठ आमचा. आजोबा तुम्हाला ठेवा हवं तर.

मोडीवाचक
त्याच लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, तो मुलाला नक्की वाचून दाखवा. मठाला काय काय द्यायचं याची यादी आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाईल त्यावरच्या राजाच्या वसुलीतला हिस्सा, बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. म्हणजे रात्री अभ्यासाला बसणाऱ्यांच्या दिव्याची सोय गावातल्या तेल्यांनी केली असं मी मनाशी धरतो, तसं लेखात लिहिलेलं नाही, पण एवढं तेल मठात आणखी कशाला लागणार?

आप्पा_खानदेशी
बट्टी तळायला.

अनघा_ज
आप्पा!! :) :)

जुईली_नाशिक
बापरे, एवढे प्रतिसाद. मुलगा सगळं वाचतोय शेजारी बसून, त्याने घाण्याची आणि सुपाऱ्यांची यादी वहीत उतरवून घेतली. रानवाट, ट्रेकिंगची सवय मला आहे, मुलाने हरिश्चंद्रगड केलाय. सासूबाई म्हणतात “तुम्ही डोंगर चढा, मी देवीपाशी जपमाळ घेऊन बसते, मला कुणी घाई करू नका म्हणजे झालं”. त्यामुळे एका दिवसाचा हट्ट मी सोडतेय, दोन दिवसच करू. आता प्रश्न असा की पावसाळ्यात जास्त हिरवं असतं म्हणून भाऊजी म्हणतायत पुढच्या श्रावणापर्यंत थांबू. थांबावं का?

गिरणाकाठ
थांबू नका. केदारकुंडाचा धबधबा, ढग वगैरे पावसाळ्यात फार सुंदर, पण तुम्हाला ज्या दरीतून चढायचंय तोच पाण्याचा मार्ग आहे. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एका रात्रीच्या पावसात डोंगरी आणि तितूर नद्यांना असा पूर आला की चाळीसगावात बाजारपेठेत पाणी शिरलं, आजूबाजूच्या गावांतली गुरं वाहून गेली, आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. ती डोंगरी नदी याच डोंगरातून येते. वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा भरतो. दिवाळीनंतर पाणी वाहतं असतं, झाडी हिरवी असते, पायाखालचा दगड वाळलेला असतो. तोच काळ.

रानवाट
शंभर टक्के. आणि मे महिना पण नको, तिकडचं ऊन झेपत नाही आणि जंगल पानगळीचं असल्याने सावली पण नसते.

कुहू
श्रावणात देवीच्या दर्शनाला जा की, कोण नको म्हणतंय. फक्त दरीत शिरू नका.

बदलापूरचा_बाळ
रेल्वेने येणाऱ्यांसाठी. चाळीसगाव स्टेशनाजवळच कलामहर्षी केकी मूस यांचं घर-संग्रहालय आहे. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी (टेबलावर छोटे देखावे मांडून काढलेले फोटो) जगभर नाव झालेला माणूस, १९१२ चा जन्म, १९८९ मध्ये गेले, आयुष्याचा मोठा भाग घराबाहेर न पडता त्या एका घरात काढला. फोटो, चित्रं, ओरिगामी, काय काय आहे तिथे. डोंगर नको म्हणणाऱ्या नातेवाइकांना तिथे सोडा, दोन तास कुठे गेले कळणार नाही.

अनघा_ज
विषयांतर आहे पण झकास आहे. आम्ही गेलो होतो, मुलांनी निघायलाच नको म्हटलं.
जुईली, तुमच्या चिरंजीवांसाठी भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातलं एक कोडं, कुहूने मोहोळाचा विषय काढला म्हणून आठवलं. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर, आणि उरलेला एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने इकडून तिकडे फिरतोय. तर एकूण भुंगे किती?

जुईली_नाशिक
अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, १५. आता तो विचारतोय की तिथे कदंब दिसेल का.

अनघा_ज
शाब्बास! त्याला सांग शिलालेखासमोर उभं राहून तुझ्या आजीला पण हे कोडं घाल.

रानवाट
आता प्लॅन पक्का करून टाकू. पहिला दिवस, सकाळी गेट, तिथून आधी हेमाडपंती महादेव मंदिर. ते सोडू नका, लोक गाडी सरळ देवीपाशी नेतात आणि हे राहूनच जातं. निकुंभांच्याच काळातलं आहे, उंच जोत्यावर, झाडीत एकटं उभं. तिथला लेख शके १०७५ चा, बापाने म्हणजे इंद्रराजाने सुरू केलेलं देऊळ मुलगा गोवन याने पुरं केलं. मग देवी, ओटी, शिलालेख, जेवण. चाळीसगावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही दोघं वाटाड्यासोबत वर, दुपार कलायच्या आत खाली. किंवा सगळ्यांनी मिळून गाडीने घाट चढून वरच्या बाजूने जा, मग सासूबाई माथ्यावर झाडाखाली बसतील. दुसरं मला जास्त बरं वाटतं, तुमच्या घरात कुणी मागे राहणार नाही.

मोडीवाचक
महादेवाच्या बाजूनेच कण्हेरगडाकडे वाट जाते, त्या डोंगरात नागार्जुन कोठडी, सीतान्हाणी, शृंगार चावडी अशी लेणी आहेत. नागार्जुन कोठडी नावावरून बौद्ध वाटते पण आत तीर्थंकर आहेत, जैन लेणं आहे. म्हणजे एका डोंगररांगेत बौद्ध विहार, जैन लेणं, शिवालय, देवी आणि गणिताचा मठ. वेळ उरला तर बघा, पण त्या वाटेला कड्याची कडा आहे, मुलाचा हात धरून.

चिंचेचं_बुटुक
म्हणजे तीन दिवस.

जुईली_नाशिक
सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या तीन तर तीन, देवीने बोलावलंय. आप्पा, बट्ट्या गावात कुठे भाजून मिळतील ते सांगा, आणि पाटण्यातला वाटाडा गेटवर विचारला तर मिळेल का?

आप्पा_खानदेशी
गेटवर विचारा, तिथली माणसं ओळखीचा माणूस लावून देतात, आदल्या दिवशी दर्शनाला जाल तेव्हाच ठरवून ठेवा म्हणजे सकाळी खोळंबा नाही. बट्ट्यांची काळजी सोडा, आमच्या घरून भाजून आणतो. तुम्ही तूप आणा.